ओट्याची डावी बाजू

लिनोकट, म्हणजे लिनोच्या तुकड्यावर (ब्लॉकवर) कोरून कागदावर घेतलेलं छापचित्र, अर्धवट सोडता येतो. मी या माध्यमात टिकून राहिले त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. जलरंगाचा हात फिरवला आणि तेवढ्यात दारात इस्त्रीवाला आला, की परत येईपर्यंत कडा वाळलेल्या असतात आणि कागद वाया गेलेला असतो. तैलरंगाचा पसारा मांडला की तो आवरण्यातच तासभर जातो. लिनोला असली घाई नसते. एक रेघ कोरली, हत्यार खाली ठेवलं, कुकरखालचा गॅस बंद केला, मुलाच्या शाळेच्या डायरीत सही केली आणि मग त्या दिवशी पुन्हा बसायचं राहूनच गेलं, तरी चालतं. चार दिवसांनी ब्लॉक हातात घ्यावा, रेघ जिथे थांबली होती तिथूनच पुढे जाते.

आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. सासूबाई, नवरा, सहावीतली मुलगी, पहिलीतला मुलगा आणि मी. माझं ऑफिस फोर्टला, त्यामुळे जाण्यायेण्यातच तीनेक तास जातात. ‘स्वतःसाठी वेळ काढ गं,’ असं कितीतरी जणींनी मला प्रेमाने सांगितलंय, आणि दर वेळी मला ते अपुरं वाटलंय. पाच माणसांच्या घरात वेळ असा कुठे शिल्लक पडलेला नसतो. मी एक तास घेतला तर तो कुणाच्या तरी वाटणीतून जातो. सासूबाईंना एकटीने पोळ्या कराव्या लागतात, नाहीतर नवऱ्याला दोन्ही मुलांचा अभ्यास एकट्याने घ्यावा लागतो. म्हणून मी कामाचेच तुकडे केले. छापचित्राचं काम मुळातच टप्प्याटप्प्याने होणारं आहे. रेखाटन, ते उलटं करून ब्लॉकवर घेणं, कोरणं, छापणं, वाळवणं, शेवटी पेन्सिलीने क्रमांक घालून सही. प्रत्येक टप्प्याला वेगळी जागा लागते आणि वेगळं लक्ष लागतं. ऑफिसातून दमून आल्यावर नवीन चित्र सुचत नाही, पण आधी आखून ठेवलेल्या रेघेवरून कोरता नक्की येतं.

शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. मग कॉमर्स, नोकरी, लग्न. मधली बरीच वर्षं हातात पेन्सिल आली ती मुलीच्या प्रोजेक्टपुरती. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनात एकदा संध्याकाळी शिरले होते, तिथे छापचित्रांपुढे बराच वेळ उभी राहिले. पुढे एका शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत हत्यार कसं धरायचं ते शिकले. बाकीचं सगळं शिकणं घरातलं.

रेखाटनं लोकलमध्ये होतात. सकाळी पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा नाव काढायला नको. पण संध्याकाळची गाडी सीएसएमटीहूनच सुटते, त्यामुळे बहुतेक वेळा बसायला मिळतं. लेडीज डब्यात त्या वेळी निम्मा स्वयंपाक चाललेला असतो. कुणी मेथी निवडते, कुणी पापडी मोडते, कुणी क्रोशाची सुई चालवते, कुणी मांडीवर पोथी उघडून बसते. मी पिशवीतून लहान वही आणि बॉलपेन काढते. चेहऱ्यांकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही, म्हणून मी हात काढते. घाटकोपर गेल्यावर गर्दीने उजेड अडतो, तोवर दोन-तीन हात कागदावर आलेले असतात.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या बाकावर रोज एक बाई मटार सोलायच्या. शेंगेच्या टोकाशी शिरेवर अंगठा दाबला की शेंग उघडते. मग तोच अंगठा आतून एका दमात फिरतो आणि दाणे मांडीवरच्या पिशवीत पडतात. त्या फिरण्यात अंगठ्याचं पहिलं पेर किंचित मागे वळतं. ते वळण मला काही केल्या जमत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. ठाण्यापर्यंत तेवढा एकच अंगठा काढत बसायचा, असं बरेच दिवस चाललं. शेवटी दोन हात, उघडी शेंग आणि पिशवीची कडा एवढंच चित्र ठरलं, वहीच्या पानापेक्षा थोडं मोठं.

ते ब्लॉकवर घ्यायला शांतता लागत नाही. मुलं जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत असतात, तिथेच मी ट्रेसिंग पेपर घेऊन बसते. छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटतं, त्यामुळे ट्रेसिंगचा कागद पालथा घालून उतरवायचं. हे विसरलं तर अक्षरं वाचता येत नाहीत आणि उजव्या हाताची बाई डावरी होते.

कोरायला बसते ती सासूबाईंच्या मालिका चालू असतात तेव्हा. हॉलच्या कोपऱ्यात स्टुलावर टेबललॅम्प आणि खाली चटई. सगळे झोपल्यावर, चोरून, मध्यरात्री कला करण्याच्या मी ठाम विरोधात आहे. त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मुलांना मोजावी लागते. घरातले जागे असताना, सगळ्यांच्या देखत कोरलं की ते घरातलंच एक काम होतं. मुलगी येऊन बघून जाते, नवरा चहा आणून ठेवतो, मालिकेत काय घडलं ते मलाही कळतं.

लिनो म्हणजे लिनोलियम. जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि पाठीमागे तागाचं कापड. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने १८६०च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं ते जमिनीवर अंथरण्यासाठी. चित्रकार त्याकडे नंतर वळले, कारण त्याला लाकडासारखे रेषे नसतात, हत्यार हव्या त्या दिशेने जातं. थंडीत मात्र लिनो कडक होतो. मी तो संध्याकाळी इस्त्रीचे कपडे झाल्यावर उरलेल्या उष्णतेवर जुन्या चादरीतून शेकून घेते. मग व्हीच्या आकाराचं हत्यार न अडकता चालतं आणि कुरडईच्या चुऱ्यासारखे वळलेले तुकडे चटईवर पडत राहतात. वळणाची रेघ असेल तर हात स्थिर ठेवून ब्लॉक फिरवायचा. आणि दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. मुलं आसपास असताना हा नियम मी मोठ्याने म्हणते, कारण धार गेलेलं हत्यार घसरतं आणि धारदार हत्यार सांगाल तिथे जातं, हे त्यांनाही आतापासून माहीत असलेलं बरं.

कोरण्यातली खरी अडचण डोक्यात असते. पेन्सिलीने आपण काळं काढतो. इथे आपण पांढरं काढतो, जे ठेवू ते काळं होणार. नंदलाल बोस यांचा १९३० सालचा गांधीजींचा लिनोकट बहुतेकांनी पाहिलेला असतो, दांडीयात्रेतले काठी टेकत निघालेले बापू. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेघा आहेत आणि तरी पाऊल पुढे पडताना दिसतं. मी तो मोबाइलवर मोठा करून पुष्कळदा बघते. धोतराच्या चुण्या किती थोडक्यात आल्यात ते बघून मटारवाल्या हातांवरच्या निम्म्या सुरकुत्या मी काढल्याच नाहीत. चित्तप्रसादही मला जवळचे वाटतात. बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारा हा माणूस १९४०च्या दशकात मुंबईत आला आणि पुढे कित्येक वर्षं अंधेरीत राहिला. तिथे त्याने राबणाऱ्या लहान मुलांवरचे लिनोकट केले. लिनोकटला यंत्र लागत नाही, स्टुडिओ लागत नाही, हे त्याच्याकडे बघून मनोमन पटतं.

छापणं मात्र तुकड्यात होत नाही. शाई एकदा काचेवर आली की सलग अडीच-तीन तास लागतात, आणि सपाट, पुसता येणारी, उजेडाची जागा लागते. आमच्या घरात अशी जागा एकच, स्वयंपाकाचा ओटा. गॅसच्या डावीकडे खिडकी आहे. एका रात्री जेवताना मी सगळ्यांना सांगितलं, “येत्या रविवारी साडेनऊ ते साडेबारा ओट्याची डावी बाजू मला लागेल.”

सासूबाई म्हणाल्या, “दर रविवारी?”

“नाही आई, महिन्यातून एखादा.”

“मग त्या दिवशी खिचडी टाकू कुकरला. उजव्या बाजूला कुकर मावतो.”

नवऱ्याने मुलाला केस कापायला आणि मग मैदानावर न्यायचं ठरवलं. दोन मिनिटांत विषय संपला. दिवस, वेळ आणि जागा नेमकी सांगितली की घर हलतं, असा माझा अनुभव आहे. ‘मला जरा माझं काहीतरी करायचंय’ या वाक्याचं घरातल्या माणसांनी करायचं तरी काय?

शाई मी ऑफसेटच्या छपाईची काळी वापरते, तेलावरची. पाण्यावरची शाई धुवायला सोपी, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा चालू असला की रोलरवरच सुकायला लागते. काचेवर चिमूटभर शाई घेऊन रोलर पुढेमागे फिरवायचा, मध्येमध्ये उचलायचा. सुरुवातीला पचपच आवाज येतो, म्हणजे थर जाड आहे. फिरवत राहिलं की आवाज बारीक होत जातो आणि एका क्षणी एकसारखी चरचर ऐकू येते. शाई तयार झाली ते डोळ्यांआधी कानाला कळतं. ती चरचर ऐकू यावी म्हणून त्या तीन तासांत मी मिक्सर लावू देत नाही, एवढा एकच हट्ट.

ब्लॉकवर शाईचे पातळ थर दोन-तीनदा द्यायचे, कागद कोपऱ्याला लावून सोडायचा आणि पाठीवरून घासायचं. प्रेस नसेल तर दाब हाताचाच. त्यासाठी मी स्टीलची पळी वापरते, तिची फुगीर पाठ. ती पळी आता ओट्याखालच्या माझ्या डब्यात असते, जेवणात पुन्हा येत नाही. कागद फाटू नये म्हणून वर बटर पेपर ठेवायचा. कागदाबद्दल एक आवर्जून सांगते. छापचित्र म्हटलं की सगळे जाड हातकागद सुचवतात. प्रेसवर तो सुंदरच उमटतो, पण पळीने घासायचं असेल तर मनगट भरून येतं आणि काळ्यात पांढरे ठिपके राहतात. पातळ आणि चिवट कागद घ्यावा. नेपाळचा लोकता कागद मला सगळ्यात मानवतो. नाहीतर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागदाच्या दुकानांत बोटाने चाचपून निवडता येतो.

घासून झालं की एक कोपरा उचलून बघायचं. बाकीचा कागद दाबून धरलेला असतो, त्यामुळे कमी पडलं तर परत टेकवून घासता येतं. मटारवाल्या हातांचा पहिला कोपरा उचलला तेव्हा अंगठ्याचं मागे वळलेलं पेर बरोबर होतं. मी ओरडलेच. सासूबाई कुकर सोडून बघायला आल्या.

वाळायला प्रती हॉलच्या दांडीवर जातात, मुलांच्या युनिफॉर्मच्या शेजारी, चिमटे लावून, काठीने वर सरकवून. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस पुरतात. पावसाळ्यात आठवडा गेला तरी बोटाला काळं लागतं, म्हणून जून ते सप्टेंबर मी फक्त रेखाटते आणि कोरते. साफसफाईला रॉकेल किंवा टर्पेंटाइन मी घरात आणत नाही. जुन्या सुती ओढणीच्या तुकड्यावर थोडं गोडं तेल घेऊन पुसलं की शाई सुटते, मग भांड्यांचा साबण. हे काम नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलंय. रोलर त्याच्याइतका स्वच्छ मला कधीच होत नाही.

सासूबाईंना हे सगळं आधी माझं ऑफिसबाहेरचं आणखी एक ऑफिस वाटत असावं. बदल झाला तो गौरी आवाहनाच्या दिवशी. दारापासून देवापर्यंत पावलं उमटवायची होती. मुलीने तांदळाच्या पिठात पाणी घातलं आणि मूठ बुडवली. आईंनी तिला थांबवलं. “अगं, पीठ फार सैल झालंय. पावलं पसरतील.” त्यांनी आणखी पीठ घातलं, बोटाने ताटलीत ओढून बघितलं, रेघ मिटत नाही तोवर कालवत राहिल्या. मग मुठीची करंगळीकडची बाजू ताटलीत हलकी टेकवून, जादाचं काठावर निपटून, फरशीवर दाबली आणि सरळ वर उचलली. वर पाच बोटांचे ठिपके. पाऊल स्वच्छ. शाई किती घट्ट, थर किती पातळ, दाब किती आणि हात उचलताना हलू द्यायचा नाही, हे मी कार्यशाळेत पैसे भरून शिकले होते. त्या दिवशी मी त्यांना तसं सांगितलं आणि त्या खरंच खूश झाल्या. आता छपाईच्या दिवशी शाईचा थर जाड झाला की उजव्या बाजूने आवाज येतो, “सैल आहे गं.” आणि बहुतेक वेळा असतो.

मुलांच्या हातात लिनोची हत्यारं मी अजून देत नाही. मुलाचं काम भाजीवर चालतं. भेंडीचं देठाकडचं टोक कापलं की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं, कांदा आडवा चिरला की वर्तुळात वर्तुळं, फ्लॉवरचा तुरा उभा कापला की झाड. कापलेली बाजू पाच मिनिटं फडक्यावर पालथी ठेवून पाणी टिपून घ्यायचं, नाहीतर रंग फुटतो. मुलगी खोडरबरावर साध्या ब्लेडच्या कटरने, माझ्या शेजारी बसून, छोटे शिक्के कोरते. आपल्या नावाचं आद्याक्षर तिने पहिल्याच वेळी बरोबर उलटं कोरलं. प्रतींना क्रमांक घालण्याचं कामही तिचं. डाव्या कोपऱ्यात तीन बारांश, म्हणजे बारा प्रतींपैकी तिसरी, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे माझी सही. बारा म्हटलं की तेरावी छापायची नाही, हा नियम तिला फार आवडतो आणि ती तो माझ्याकडून पाळून घेते.

एका ब्लॉकच्या अनेक प्रती होतात, ही मला या कलेतली सगळ्यात उदार गोष्ट वाटते. रवि वर्मांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रं घराघरांत गेली. सासूबाईंच्या माहेरी ओटीवर तशी एक लक्ष्मी होती, त्या तिची आठवण अजून काढतात. आपली प्रत शेजारच्या घरी असावी एवढीच माझी झेप. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी मटारवाल्या हातांच्या प्रती दिल्या. “वाण म्हणून कागद द्यायचा?” असं आई आधी म्हणाल्या, मग त्यांनीच प्रत्येक प्रतीबरोबर तिळाची पुडी बांधायची कल्पना काढली आणि पुड्यांवर नातवाकडून भेंडीचं फूल छापून घेतलं. दोघं दुपारभर त्यात होते. आता आमच्या मजल्यावर तीन घरांत ते हात भिंतीवर आहेत.

एक प्रत मी लोकलमध्ये त्या बाईंना दिली. तोवर आमचं बोलणं फक्त ‘पुढे कुठे उतरणार’ एवढंच. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, “अगंबाई, ही तर माझी अंगठी!” मग डब्यातल्या चौघींनी त्यांचा हात आणि कागद शेजारी शेजारी धरून बघितला. कल्याणपर्यंत ती प्रत हातोहात फिरत राहिली असणार, मी डोंबिवलीला उतरले.

माझा रविवार ठरल्यावर नवऱ्याने कॉलेजात वाजवायचा ती बासरी माळ्यावरून काढली. बुधवारी रात्री जेवणानंतर तासभर तो गच्चीवर जातो. त्या वेळी मुलांना झोपवणं माझ्याकडे. हे तास आम्ही कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहितो, दूधवाल्याचे खाडे लिहितो तिथेच. सध्या मी दोन रंगांचा एक ब्लॉक करतेय, एकाच लिनोवर. आधी सगळ्या प्रतींवर पिवळा छापून घ्यायचा आणि मग तोच ब्लॉक आणखी कोरून वर हिरवा. पिकासोने १९५०च्या दशकाच्या शेवटी दक्षिण फ्रान्समध्ये याच रीतीने पुष्कळ लिनोकट केले. पिवळा झालाय. हिरव्याचा रविवार मी मुलीच्या शाळेचं गॅदरिंग टाळून पुढे ढकलला आणि कालनिर्णयचं पान उलटून लिहायला गेले, तर तिथे आईंच्या अक्षरात एक गुरुवार आधीच लिहिलेला होता. चार ते सहा, भजनी मंडळाची तालीम, मुलांना शाळेतून कुणीतरी आणावं. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकलीय.